तीन नंबरच्या खिडकीतली मान

मदाम इन्शिराहचा उजवा हात एक लोखंडी घडवंची खात होती, आणि सबंध कचेरी ते उघड्या डोळ्यांनी बघत होती. बघत बघत चहा पीत होती. मला संताप येतो तो ह्याचाच.

मी रावया. माझी खिडकी चार नंबरची, तिची तीन. मध्ये फक्त एक काच. आमची कचेरी पाणीबिलांची, मन्सूरा शहराच्या पुढं नदीकाठी एक गाव लागतं तिथली. गावाचं नाव सांगत नाही, माझ्यामागं चौकशा आधीच भरपूर आहेत. बिलात नाव चुकलं, मीटर बंद असून आकडा फुगला, असली रडगाणी घेऊन माणसं येतात आणि सगळ्यांना तीन नंबरच हवा असतो. माझ्याकडे रांग नसते. मी ओरडते. इन्शिराह ओरडत नाही.

ती इथं लागली तेव्हा टाइपरायटर होते. दहाही बोटांनी टाइप करायची, तेही खाली न बघता, समोरच्या माणसाशी गप्पा मारत. नवरा मायक्रोबस चालवायचा, तो मुलगी शाळेत असतानाच गेला. लुब्नाला तिनं ह्या दोन हातांवर वाढवलं: सकाळी कचेरी, आणि संध्याकाळी द्राक्षाची पानं. भात भरून वळलेली तिची पानं करंगळीएवढी, घट्ट, एक सैल निघेल तर शपथ. गावात लग्न ठरलं की आधी मौलवी आणि मग इन्शिराहचं पातेलं ठरायचं.

मग संगणक आले. ते उतरवून घेतले शुक्री नावाच्या कारकुनानं, आणि सगळे त्याच्या ताब्यात लिहिले गेले. ताबा म्हणजे काय हे आमच्या कचेरीत काम केल्याशिवाय कळायचं नाही. खुर्ची असो, पंखा असो, पाण्याचा माठ असो, प्रत्येक वस्तू कुणा ना कुणाच्या ताब्यात असते, आणि ती जशीच्या तशी परत केल्याशिवाय त्या माणसाला निवृत्त व्हायचीसुद्धा सोय नाही. मेला तर बायकोनं हिशेब द्यायचा. म्हणून शुक्रीनं काय केलं? विजेच्या प्लगचं भोक होतं उजव्या भिंतीला, तिथं लोखंडी घडवंची आणली, संगणकाचा पडदा तिच्यावर ठेवला, घडवंचीचे पाय फरशीत पेचानं आवळले आणि वर लाल लाखेची मोहोर ठोकली. कुणी हलवायचं नाही! मग बिनपगारी रजा काढून स्वारी कुवेतला गेली. ती गेली ती गेलीच.

तेव्हापासून इन्शिराहचं तोंड समोर माणसांकडे, हात समोर शिक्क्यांवर, आणि मान उजवीकडे पडद्यावर. सकाळपासून कचेरी मिटेपर्यंत. शिवाय खुर्ची खचलेली. वर केली की फुस्स करून खाली बसायची, म्हणून तिनं घरून दोन उशा आणल्या. उशांवर बसली तर पाय अधांतरी, उशा काढल्या तर खांदे कानाला. अशा थाटात तिनं वर्षामागून वर्षं काढली, आणि साहेब भाषणात म्हणायचे, "मदाम इन्शिराह मान मोडून काम करतात." टाळ्या!

मान दुखायला लागली तेव्हा आमच्या लोकांनी एका आवाजात निदान केलं: हवा लागली.

"खिडकीतून गार हवा येते, ती मानेत शिरलीय," नोंदणीवाली म्हणाली.

"कसली गार हवा? ऑगस्ट चाललाय!" मी म्हटलं.

"तीच तर वाईट. घामावर बसते."

झालं. खिडकीच्या फटींना वर्तमानपत्रं चिकटवली, पंख्याचं तोंड भिंतीकडे केलं, इन्शिराहच्या गळ्यात लोकरीची शाल आली आणि कचेरीभर कापराच्या मलमाचा वास. आम्ही सगळे आत उकडून निघालो. मान मात्र उजवीकडेच. मी विचारलं, "अगं, हवा लागली तर ती उजवीकडूनच कशी लागते रोज?" तर माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की जणू मीच फुंकर मारत होते.

शालीनं भागेना तेव्हा औषधाचं दुकान. कोपऱ्यावर डॉक्टर शीरीन बसते. दुकानात औषधं विकते म्हणून आम्ही तिला डॉक्टर म्हणतो. पडद्यामागं न्यायचं, दोन-तीन बाटल्या एका सुईत ओढायच्या आणि टोचायचं. दुखणं पळालं! इन्शिराह हसत परत यायची, पुन्हा मान उजवीकडे वळवून बसायची आणि दुखणं परत आलं की पुन्हा पडद्यामागं. ह्यालाच म्हणतात रोग म्हशीला आणि डाग पखालीला.

"सुया पुरे कर," मी म्हटलं. "डोकं दुखलं म्हणून पायात जोडा घट्ट करतेयस तू."

"मग काय करू? रांग बघ केवढी आहे."

"रांगेला म्हण, दोन मिनिटं थांबा, माझी मान ठणकतेय. ऊठ, चार पावलं चाल."

"म्हातारी माणसं उभी असतात गं. त्यांच्यासमोर आळस देत फिरू? लोक काय म्हणतील, सरकारी बाई खुर्ची सोडून हिंडतेय."

हे एक आमचं खूळच. जो बसून मरेल तो कामसू, जो उठून पाठ ताणेल तो कामचुकार. साहेबसुद्धा दारातून बघतात, कुठली खुर्ची रिकामी आहे.

दिवसभरात इन्शिराह उठायची ती एकदाच, दुपारच्या नमाजाला. वाकायची, कपाळ टेकायची, उभी राहायची, शेवटी मान उजवीकडे आणि मग डावीकडे. अख्ख्या दिवसात तिची मान डावीकडे वळायची ती तेवढीच. दुखणं वाढलं तशी ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नमाज पढायला लागली. सगळ्या बायका हळहळल्या, "बिचारी! अल्ला बळ देवो." मीही हळहळले. तिच्या अंगाची उरलीसुरली हालचाल गेली, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका शुक्रवारी तिच्याकडे जेवायला गेले आणि पातेल्यातली पानं उलगडलेली. भात बाहेर. इन्शिराहच्या पानांतून भात बाहेर! ती म्हणाली, "यंदा पानंच जाड आलीत." मी खाल्ली. दोन दिवसांनी कचेरीत तिच्या हातून चहाचा पेला सुटला. सुटला म्हणजे कसा, तर ती त्याच्याकडे बघत होती आणि बोटं आपोआप उघडली. गरम चहा मांडीवर सांडला आणि बाई ओरडली नाही. नवलानं हाताकडे बघत राहिली, कुणा परक्याचा असावा तसा.

मी तिला ओढत हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

त्यानं तिला खुर्चीत बसवलं. "कामावर बसता तशा बसा." तिनं हात पुढं घेतले, खांदे वर घेतले आणि मान उजवीकडे वळवली. न सांगता, लगेच. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षं?"

"शुक्री गेल्यापासून," मी म्हटलं.

"कोण शुक्री?"

"तुम्ही पुढं बोला, डॉक्टर."

तो म्हणाला, मानेतून हाताकडे जाणारी नस एकाच बाजूला चेपत गेलीय. ही सुया घेऊन जायची नाही. सुईनं दुखणं गप्प बसतं, आणि गप्प बसलं म्हणून तुम्ही आणखी चेपत राहता. वर पोट आणि मूत्रपिंड खराब होतं ते वेगळंच. पडदा नाकासमोर हवा, डोळ्यांच्या पातळीवर. पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले, पाठ खुर्चीला, कोपरं टेबलावर सैल. आणि अर्ध्या तासाला एकदा उठायचंच, रांग काय म्हणेल ते म्हणो. त्यानं हलके हलके हनुवटी आत घ्यायचा, खांदे मागं फिरवायचा व्यायाम दाखवला. नमाजाचं ऐकलं तेव्हा तो चष्मा काढून म्हणाला, "मदाम, दिवसातून एकदा अंग हलत होतं तुमचं, तेही खुर्चीला देऊन टाकलंत? जमेल तसं हळूहळू वाका. मी मनाई करत नाही."

"आणि हात?" इन्शिराहनं विचारलं. "लुब्नाला दिवस गेलेत. बाळ धरता येईल ना मला?"

"वस्तू हातातून पडायला लागल्यावर थांबायचं नसतं. तुम्ही उशीर केलाय. पण आजपासून पडदा समोर आणा, मग बघू. नाही आणलात तर मी काही करू शकत नाही."

आजपासून! एवढंच करायचं होतं. दोन हात अंतर. घडवंची उजवीकडून समोर.

आमचे साहेब म्हणजे उस्ताद वग्दी. त्यांची स्वतःची खुर्ची चामड्याची, मानेला टेकायला वेगळी गादी. मी डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, तीन नंबरचा पडदा समोर घ्यायचाय."

"कुणाच्या ताब्यात आहे?"

"शुक्रीच्या."

"मग शुक्रीला विचारा."

"शुक्री कुवेतमध्ये आहे!"

"आला की विचारा."

"साहेब, डॉक्टरनं लिहून दिलंय."

त्यांनी चिठ्ठी वाचली. "डॉक्टरनं औषध लिहावं. फर्निचर कशाला लिहितो?"

मला वाटलं, तीच गादी ओढून ह्यांच्या डोक्यावर हाणावी. पण नोकरी होती, तोंड दाबलं. त्यांनी समिती नेमली. समितीत भांडारपाल हाज बस्यूनी. तो आला, लाखेची मोहोर बोटानं चाचपली आणि म्हणाला, "मोहोर शाबूत आहे, अल्लाची कृपा." इन्शिराहकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढं त्यानं सांगितलं, वायर लांबवायची तर ते वीजवाल्यांचं काम. वीजवाले म्हणाले, घडवंची हलल्याशिवाय आम्ही कसं मोजणार? झाली टोलवाटोलवी सुरू. तिकडे लुब्नाचं पोट वाढत होतं आणि इकडे इन्शिराहची बोटं एकेक करून सुन्न होत होती.

शेवटी साहेबांनी फार मोठं मन केलं. म्हणाले, मदामना तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत बसवू. तिथं संगणकच नाही.

"जा," मी इन्शिराहला म्हटलं. "खड्ड्यात गेली खिडकी. जा तळघरात."

ती भडकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी काय मोडकं कपाट आहे तळघरात टाकायला? माणसं माझं नाव घेऊन येतात इथं! म्हणतील, हिनं पैसे खाल्ले असतील, म्हणून खाली टाकली."

"माणसांचं बोलणं मोठं की हात मोठा?"

"तुला काय कळणार, तुझ्या खिडकीवर येतं कोण?"

लागलं मला. खरं होतं म्हणून जास्त लागलं. "बस मग," मी म्हटलं, "मान मोडून पडेपर्यंत बस!" आणि आठवडाभर आम्ही बोललो नाही. काचेतून ती मला दिसायची, उजवा हात डाव्या हातानं उचलून शिक्क्यावर ठेवताना. मी दात खात बसले होते, तिच्यावर, साहेबांवर, त्या कुवेतमधल्या नालायकावर.

लुब्ना बाळंत झाली. मुलगी झाली, नूरहान. सातव्या दिवशी सोहळा. बाळाला सजवलेल्या चाळणीत निजवलं, भोवती मेणबत्त्या, धान्य, मीठ. आई बाळाला ओलांडून पावलं टाकते आणि बाळाच्या कानापाशी पितळी खलबत्ता वाजवायचा असतो, म्हणजे पोर आवाजाला घाबरेनासं होतं. तो मान आजीचा. तोवर आमचं भांडण मिटलं होतं. मी तिच्या शेजारीच जमिनीवर बसले होते. म्हटलं, "डाव्या हातानं वाजव."

"डाव्या हातानं? शुभ कामाला?" ती म्हणाली आणि उजव्या हातानं बत्ता उचलला.

"आईचं ऐक!" ठण्ण. "बापाचं ऐकू नकोस!" ठण्ण. बायका हसल्या, जावई लटका रागावला. "आजीचं ऐक!" म्हणून तिनं बत्ता वर नेला आणि बोटं उघडली.

बत्ता चाळणीच्या काठावर आदळला. काठ मोडला. बाळाच्या डोक्यापासून वीतभर अंतर, जास्त नाही. मग बाळ किंचाळलं, लुब्ना किंचाळली, तिनं पोरीला झडप घालून उचललं आणि छातीशी धरून मागं सरत भिंतीला टेकली.

"आई, तू लांब हो! लांब बस तिच्यापासून!"

ती भ्यायली होती, तिचा काय दोष. नंतर पाया पडून रडलीही. पण शब्द निघून गेला होता. इन्शिराह उठली आणि दारापाशी चपलांजवळ जाऊन बसली. शरबत तिथंच प्यायली, डाव्या हातानं. त्यानंतर बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरत राहिलं, आणि तिच्यापाशी आलं की प्रत्येक बाईला काहीतरी दुसरंच काम आठवायचं.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याचा पाना, पेचकस आणि घरची लांब वायर पिशवीत घालून कचेरीत गेले.

रांग लागली होती. मी तीन नंबरच्या आत गेले, इन्शिराहला बाजूला केलं आणि टाचेनं लाखेची मोहोर फोडली. काय आवाज आला! नोंदणीवाली ओरडली, "रावया, वेड लागलं का तुला?" पेच गंजलेले, एक निघेना. रांगेतला एक शेतकरी खिडकीतून म्हणाला, "सरका बाई," आणि वळसा घालून आत येऊन त्यानं पेच काढले. त्यानं आणि आणखी एका बाप्यानं घडवंची उचलून समोर ठेवली. पाण्याचा एक घोट प्यायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. एवढ्यासाठी! एवढ्यासाठी एका बाईचा हात!

साहेब धावत आले. "कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही."

"मोहोर तोडलीत! ताब्यातल्या वस्तूला हात लावलात!"

"लावला. लिहा माझ्या ताब्यात. पडदा लिहा, घडवंची लिहा, वायर तर माझ्या घरचीच आहे. मी मेले तर माझ्या नवऱ्याकडून वसूल करा. पण आता तिला कुणी हात लावला ना साहेब, तर हा पाना माझ्या हातात आहे, आणि माझा हात अजून धड आहे!"

चौकशी लागली, पगार कापला, बढती अडली. अडू दे. पडदा समोर राहिला, कारण परत हलवायचा तर माझी सही लागते, आणि मी ती देत नाही. कायदा त्यांचाच आहे. इन्शिराहच्या पायाखाली कागदाचं खोकं ठेवलं, पाठीला घरची उशी. अर्ध्या तासानं मी काचेवर अंगठी वाजवते, "ऊठ!" पहिल्यांदा ती लाजायची. आता रांगच ओरडते, "मदाम, उठा, आम्ही थांबतो!" माणसं काय म्हणतील म्हणून जी बाई वर्षानुवर्षं उठली नाही, तिला माणसंच उठवतात. खिडकीवरची वर्तमानपत्रंही मी फाडून टाकली. नमाजाला ती पुन्हा सावकाश वाकते, एका हाताचा आधार घेऊन.

मान सुटली. ठणका गेला. मला वाटलं, जिंकलो.

परवा आम्ही लुब्नाकडे गेलो होतो. नूरहान आता बसायला लागलीय. लुब्नानं स्वतः तिला इन्शिराहच्या मांडीवर ठेवलं, डाव्या बाजूला, आणि लांब गेली नाही. गारठा होता, मी दोघींवर शाल घातली. पोरगी खुशीत होती, शालीखाली काहीतरी ओढत, खिदळत. इन्शिराह हसत होती. मग हसता हसता ती थांबली आणि हळूच, लुब्नाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाली, "रावया, शाल जरा वर करून बघ गं. तिनं माझं बोट धरलंय का?"

मी शाल वर केली. पोरीनं दोन्ही मुठींनी तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं धरली होती आणि जीव खाऊन ओढत होती.

"धरलंय," मी म्हटलं. "चांगलं घट्ट धरलंय."

आणि मग शुक्रीच्या आणि वग्दीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मनातल्या मनात, लेकरासमोर तोंड घाण नको म्हणून.